‘परिस्थिती सामान्य’ : बातमीतील एका शब्दाचा अभ्यास

वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या माणसाला काही शब्दांची इतकी सवय होऊन जाते की, ते डोळ्यांखालून जातात पण मनात कोणताही प्रश्न उभा करीत नाहीत. ‘परिस्थिती सामान्य’, ‘जनजीवन पूर्वपदावर’, ‘व्यवहार सुरळीत’, ‘तणावपूर्ण शांतता’, ‘पाऊस सरासरीइतका’ हे असेच शब्द होत. वादळ असो, पूर असो, दंगल असो की बंद असो, बातमीची शेवटची ओळ बहुधा यांपैकीच एखाद्या शब्दाने पुरी होते. ती ओळ वाचली की आपण निःश्वास टाकतो आणि पान उलटतो.

प्रस्तुत लेखात या शब्दाचा थोडा बारकाईने विचार करावयाचा आहे. ‘सामान्य’ म्हणजे नेमके काय? ते कोणी ठरविले? कोणाच्या घरावरून ठरविले? आणि ज्यांच्या घरी अजून काहीच सामान्य झालेले नाही, त्यांचे त्या ओळीत काय होते? हे प्रश्न केवळ भाषेचे नाहीत. मदत कधी थांबवायची, बंदोबस्त कधी उठवायचा, चौकशी कधी गुंडाळायची, हे पुष्कळ वेळा याच एका शब्दावर ठरते. म्हणून आपल्या सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी हा शब्द ओळखायला शिकणे आवश्यक आहे. उदाहरणे मुद्दाम आपल्या हरिहरेश्वर परिसरातील व रायगड जिल्ह्यातील घेतली आहेत, कारण ती आपल्याला पडताळून पाहता येतील.

१. एक शब्द, तीन अर्थ

इंग्रजीतला ‘नॉर्मल’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘नोर्मा’ या शब्दात आहे. नोर्मा म्हणजे सुतार किंवा गवंडी कोन सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी वापरतो तो गुण्या. गुण्याला लावून जे जुळते ते बरोबर, जे जुळत नाही ते वाकडे. म्हणजे या शब्दात मूळापासूनच मोजमापाचे एक हत्यार आहे, आणि हत्यार म्हटले की ते धरणारा हातही आलाच.

पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात लोकसंख्या, उंची, आयुर्मान, गुन्हे यांची आकडेवारी गोळा होऊ लागली. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३५ साली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. सरासरी ही केवळ बेरीज-भागाकाराने निघणारी संख्या. पण हळूहळू त्या संख्येकडे आदर्श म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि सरासरीपासून जो दूर तो सदोष, अशी समजूत पसरली.

त्यामुळे आज ‘सामान्य’ म्हणताना तीन वेगवेगळे अर्थ एकत्र मिसळलेले असतात.

पहिला अर्थ, सरासरी : पुष्कळ नोंदींचा मध्य.
दुसरा अर्थ, नेहमीचे : जसे चालत आले आहे तसे.
तिसरा अर्थ, योग्य : जसे असायला हवे तसे.

पहिला अर्थ गणिताचा, दुसरा सवयीचा व तिसरा न्याय-अन्यायाचा. बातमीत शब्द एकच वापरला जातो आणि वाचक नकळत पहिल्या अर्थावरून तिसऱ्यावर जातो. ‘सरासरीइतके आहे, म्हणजे ठीक आहे’, ‘नेहमीसारखे आहे, म्हणजे योग्यच आहे’ असे त्याला वाटते. या लेखाचा सारा मुद्दा हाच की, या दोन उड्या कोठे मारल्या जातात ते आपल्याला दिसले पाहिजे.

२. सरासरीचा पाऊस

प्रथम सरासरीचे उदाहरण घेऊ. भारतीय हवामान विभाग देशातील मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असेल तर तो ‘सामान्य’ मानतो. ही सरासरी १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या नोंदींवरून काढली असून ती सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र मोजपट्टी सैल होते. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढा पाऊस त्या जिल्ह्यात ‘सामान्य’ ठरतो.

आता हिशेब करून पाहू. कोकण किनाऱ्यावर एखाद्या ठिकाणची मोसमी सरासरी ३००० मिलिमीटर धरली, तर २४३० मिलिमीटर पडला तरी तो सामान्य आणि ३५७० मिलिमीटर पडला तरी सामान्य. या दोहोंतील फरक ११४० मिलिमीटर आहे. मराठवाड्यातील बऱ्याच भागांत वर्षभरात एवढा पाऊस पडत नाही! हवामानशास्त्रज्ञांना ही वर्गवारी ठाऊक असते व त्यांच्या कामासाठी ती उपयोगीही असते. पण मथळ्यात जेव्हा ‘यंदा पाऊस सामान्य’ एवढेच छापले जाते, तेव्हा वाचक त्याचा अर्थ ‘यंदा चिंता नाही’ असा घेतो.

२०२१ सालचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी देशातील मोसमी पाऊस सरासरीच्या ९९ टक्के झाला. सरकारी भाषेत ते सामान्य पावसाचे वर्ष. त्याच वर्षी २२ जुलै रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गाडली गेली. सरासरीत तळीये दिसत नाही. दिसणारही नाही, कारण चार महिन्यांच्या आणि साऱ्या देशाच्या बेरजेत एका रात्रीचा पाऊस आणि एक डोंगरउतार विरघळून जातो. आकडा खोटा नव्हता. पण त्या आकड्याला जो प्रश्न विचारायला हवा होता, तो मथळ्याने विचारला नव्हता.

३. पूर्वपद कोणाचे? निसर्ग चक्रीवादळाचा धडा

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, म्हसळा या भागांना त्याचा मोठा तडाखा बसला. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला होता. घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट उन्मळून पडल्या. तो काळ कोरोनाच्या टाळेबंदीचा होता. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी यात्रेकरू व पर्यटक यांच्यावर चालणारी कमाई दोन महिन्यांहून अधिक काळ आधीच बंद होती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक मोठ्या वाहिन्यांनी व दैनिकांनी ठळक केलेली गोष्ट अशी होती की, मुंबईवरील संकट टळले. ही बातमी खरी होती. मुंबई खरोखरच थोडक्यात बचावली. परंतु वादळ मुंबईवर आले नाही याचा अर्थ ते कोणावर तरी आले. ज्या वादळाचे नाव मुंबईच्या बातमीत ‘टळलेले संकट’ असे होते, तेच आपल्या किनाऱ्यावर अनेक वर्षांची मिळकत घेऊन गेले. येथे गुण्या मुंबईचा होता. त्या गुण्याला लावून पाहिले तेव्हा सारे सरळ दिसले.

त्यानंतर सुरू होते ‘पूर्वपदावर’ येण्याची भाषा. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी : एकाच संकटानंतर निरनिराळ्या गोष्टी निरनिराळ्या वेळी पूर्वपदावर येतात. पडलेली झाडे बाजूला करून रस्ता काही दिवसांत मोकळा होतो. विजेचा पुरवठा पूर्ववत व्हायला निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत काही आठवडे लागले. घराचे छप्पर घालायला पैसे, पत्रे व सुतार हे तिन्ही एकाच वेळी मिळावे लागतात, आणि साऱ्या तालुक्याचीच छपरे उडालेली असताना ते मिळत नाहीत. सुपारीचे रोप लावल्यापासून उत्पन्न हाती यायला साधारण सहा-सात वर्षे जातात, नारळाचेही तसेच. म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात कोणी पुन्हा पोफळी लावली असेल, तर त्याचे पूर्वपद २०२६-२७ च्या आसपास येणार. मध्यंतरी मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळही किनाऱ्याला झोडपून गेले.

आता विचार करा की बातमीतील ‘जनजीवन पूर्वपदावर’ ही ओळ यांपैकी कोणत्या घड्याळावर लिहिली जाते? बहुधा रस्त्याच्या. कारण रस्ता मोकळा झाला हे दिसते, त्याचे छायाचित्र निघते, आणि बाहेरून येणाऱ्या बातमीदाराला त्याचाच अनुभव येतो. पोफळीचे घड्याळ फार सावकाश चालते. त्याची बातमी होत नाही.

यात आणखी एक पदर आहे. फळबागांच्या नुकसानीसाठी राज्य शासनाने त्या वेळी हेक्टरी मदत १८ हजारांवरून ५० हजार रुपयांपर्यंत वाढविली. ही वाढ स्वागतार्ह होती. पण हेक्टरी मदत ही जमिनीच्या मापाने मिळते आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बागा कित्येकदा काही गुंठ्यांच्या असतात. शिवाय मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. ज्याची बाग आहे त्याचे नाव सातबाऱ्यावर असते; जो झाडावर चढून सुपारी उतरवितो, जी बाई सुपारी सोलून रोज कमावते, त्यांचे नाव तेथे नसते. बाग पडली तेव्हा त्यांचा रोजगारही पडला. मालकाचे नुकसान पंचनाम्यात येते, मजुराचे नुकसान पंचनाम्यातच येत नाही. आणि जे पंचनाम्यात आले नाही, ते पूर्वपदावर आले की नाही हे विचारणार तरी कोण?

‘वीजपुरवठा ९० टक्के पूर्ववत’ अशा धर्तीच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. अशी बातमी वाचताना उरलेल्या १० टक्क्यांचा पत्ता विचारावा. तारेच्या टोकाला जे घर असते तेथे वीज शेवटी पोहोचते, आणि आपल्याकडील गावांची रचना पाहिली तर टोकाला कोणती वाडी असते हे सांगण्याची गरज नाही. ९० टक्के हा आकडा यशाचा म्हणून छापला जातो. बौद्धवाडीत, आदिवासीवाडीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्या रात्री कंदिलावरच अभ्यास करावा लागतो.

४. असामान्य झाले तरच बातमी

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरचे नाव एकाएकी देशभर गेले. समुद्रकिनाऱ्याजवळ एक नौका बेवारस स्थितीत आढळली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. दहीहंडी व गणेशोत्सव तोंडावर होते. १९९३ साली मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटके याच जिल्ह्यातील शेखाडी किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती. त्यामुळे चिंता वाटणे स्वाभाविक होते व दक्षतेचा इशारा देणे योग्यच होते. त्याच दिवशी विधानसभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माहिती दिली की, ती नौका ऑस्ट्रेलियन मालकीची ‘लेडी हान’ असून मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जून रोजी तिचे इंजिन बंद पडले, कोरियाच्या युद्धनौकेने माणसांची सुटका केली, आणि खवळलेल्या समुद्रामुळे ओढून नेता न आलेली नौका प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागली.

येथे अभ्यासाचा मुद्दा असा आहे की, बातमीचे स्वरूपच नेहमीपेक्षा वेगळे काही घडणे हे आहे. कुत्रा माणसाला चावला तर बातमी नाही, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी, हे वाक्य पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवतात. त्यात तथ्य आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, जे दुःख रोजचे आहे ते रोजचे आहे एवढ्याच कारणासाठी बातमीबाहेर राहते. एक नौका वाहत आली तर कॅमेरे धावतात. उन्हाळ्यात वाडीवरची बाई पाण्यासाठी चालते तेव्हा धावत नाहीत, कारण ती कालही चालत होती. दुःख जितके जुने, तितके ते सामान्य, आणि जितके सामान्य तितके अदृश्य!

५. सावित्रीच्या वरच्या अंगाला : महाडचा तलाव

हरिहरेश्वराजवळ सावित्री नदी समुद्राला मिळते. याच नदीच्या काठाने वर गेले की महाड लागते, आणि आपल्या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरणही तेथेच आहे. ते परिचित आहे, पण आज ते एका वेगळ्या दृष्टीने वाचावयाचे आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. तरीही तीन वर्षे कोणी अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. त्या तीन वर्षांत महाडमध्ये ‘परिस्थिती सामान्य’ होती. माणसांना पाणी मिळत नव्हते, आणि सर्व काही शांत होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

सनातनी मंडळींच्या दृष्टीने पाहिले तर घागरी ओतल्या तेव्हा परिस्थिती ‘पूर्ववत’ झाली. ‘पूर्ववत’ या शब्दात किती भयंकर गोष्ट सामावू शकते याचे हे उदाहरण होय. त्यांच्या हिशेबी पाणी पिणे हा बिघाड होता, आणि पाण्यावाचून राहणे ही व्यवस्था होती.

हा वाद न्यायालयात गेला. तळ्यावर अस्पृश्यांनी न येणे ही परंपरागत वहिवाट आहे असा स्पृश्य वादींचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अनादी काळापासून चालत आल्याची जी वहिवाट सांगितली जात होती, ती वादींना सिद्ध करता आली नाही, हे त्या निकालाचे मुख्य सूत्र होते. विद्यार्थ्यांनी हे सूत्र मनावर कोरून ठेवावे. ‘हे नेहमीचेच आहे’ असे म्हणणाऱ्याला न्यायालयाने एक साधा प्रश्न विचारला : नेहमीचे म्हणजे केव्हापासूनचे? पुरावा काय? आणि पुरावा निघाला नाही.

स्वतःचे वृत्तपत्र असावे असे बाबासाहेबांना का वाटले, याचेही उत्तर येथे आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, असे धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद केले आहे. महाडच्या पहिल्या परिषदेनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. ज्या समाजाची स्थिती इतरांच्या दृष्टीने ‘सामान्य’ असते, त्याला ती असामान्य आहे हे सांगण्यासाठी स्वतःचा कागद आणि स्वतःची शाई लागते.

६. न लिहिलेला ‘सामान्य’

आतापर्यंत आपण ‘सामान्य’ हा शब्द जेथे छापलेला असतो ती उदाहरणे पाहिली. पण पुष्कळ वेळा हा शब्द छापलेलाच नसतो आणि तरी तो काम करीत असतो.

‘महिला सरपंच’, ‘दलित लेखक’, ‘अपंग विद्यार्थी उत्तीर्ण’ असे मथळे आपण वाचतो. ‘पुरुष सरपंच’ किंवा ‘सवर्ण लेखक’ असे मात्र कधी वाचत नाही. ज्याच्यामागे विशेषण लागत नाही तो सामान्य, आणि ज्याच्यामागे लागते तो वेगळा, असा अलिखित नियम त्यामागे असतो. काही वेळा विशेषण आवश्यक असते. अत्याचाराच्या घटनेत जात हेच कारण असेल तर ती सांगितलीच पाहिजे. ती लपविणे म्हणजे कारण लपविणे होय. परंतु चोरीच्या बातमीत आरोपी भटक्या-विमुक्त समाजातला असेल तर त्याची जमात मथळ्यात येते आणि दुसऱ्या एखाद्या जातीचा असेल तर केवळ ‘आरोपी’ एवढेच येते, हा न्याय नव्हे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण मथळ्यातून शिक्का अद्याप पुरता गेलेला नाही. एखाद्या जातीविषयी अनादर सूचित होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असे भारतीय प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही सांगते.

याच्या उलट, जेथे जात सांगायला हवी तेथे ती गाळली जाते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिले काही आठवडे राज्यातील व देशातील मोठ्या वृत्तपत्रांनी तिला फारच थोडी जागा दिली, आणि जी दिली तीत जातीचा प्रश्न मागे राहिला. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा मोठ्या बातम्या आल्या, पण त्यांतील बऱ्याच बातम्या कायदा-सुव्यवस्थेच्या होत्या. हत्या झाली तेव्हा शांतता होती, निषेध झाला तेव्हा शांतता बिघडली, असा त्या मांडणीचा अर्थ होतो.

‘तणावपूर्ण शांतता’ हा शब्दप्रयोगही असाच तपासावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करण्यासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात दहा जण मरण पावले. अशा घटनेनंतर महामार्ग काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो, व ‘परिस्थिती नियंत्रणात’ असे छापता येते. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरविले ते २००९ साली. रस्त्याचे घड्याळ आणि न्यायाचे घड्याळ यांत बारा वर्षांचे अंतर पडले.

७. दुसरी बाजू

एवढे वाचून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, बातमीदार हे सारे जाणूनबुजून करतात. तालुक्याच्या ठिकाणचा बातमीदार पुष्कळदा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. संध्याकाळपर्यंत बातमी पाठवायची असते, जागा थोडी असते, आणि अधिकृत माहिती तहसील कार्यालयातून किंवा पोलीस ठाण्यातून येते. तेथून ‘परिस्थिती सामान्य’ असा निरोप आला की तोच छापला जातो. निसर्ग वादळात वीज व दूरध्वनी बंद असताना काही बातमीदारांनी मोठे कष्ट घेऊन गावोगावची माहिती बाहेर पोहोचविली, हेही विसरता कामा नये.

शिवाय या शब्दाचा चांगला उपयोगही आहे. अफवा पसरलेल्या असताना ‘सर्व काही ठीक आहे, घाबरू नये’ हे सांगणे लोकहिताचे असते. महाडला १९२७ साली अफवेनेच डोकी फोडली. मुंबईत वा परदेशी असलेल्या मुलाला गावचा रस्ता सुरू झाल्याची बातमी दिलासा देते. म्हणून शब्द टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. शब्दापुढे ‘काय सामान्य झाले’ आणि ‘कोणाचे’ एवढे दोन तपशील असावेत, इतकीच अपेक्षा आहे. ‘जनजीवन पूर्वपदावर’ याऐवजी ‘श्रीवर्धन-हरिहरेश्वर रस्ता खुला, अमुक वाड्यांत वीज अद्याप नाही’ असे लिहिले, तर जागा जवळजवळ तेवढीच लागते आणि माहिती दहापट मिळते.

८. वाचकाचे पाच प्रश्न

ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, किंवा सांगणारा अधिकारी आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये, स्वतः तपासून पाहावी, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना केला होता. वर्तमानपत्र वाचताना त्याचा उपयोग कसा करावा? ‘सामान्य’ किंवा त्या अर्थाचा कोणताही शब्द आला की पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१) कोणाचे? शहराचे की वाडीचे, मालकाचे की मजुराचे?
२) कशाच्या तुलनेत? कालच्या, गेल्या वर्षीच्या, की ५० वर्षांच्या सरासरीच्या?
३) कोण म्हणाले? ज्याच्यावर प्रसंग आला त्याने, की ज्याला प्रसंग मिटवायचा आहे त्याने?
४) कोणत्या घड्याळाने? रस्त्याच्या, विजेच्या, पिकाच्या की न्यायाच्या?
५) आधीची स्थिती तरी योग्य होती काय? जेथे पूर्ववत जायचे तेथे न्याय होता काय?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या चार प्रश्नांनी बातमीतील उणीव कळते, पाचव्याने समाजातील. वादळानंतर पूर्वपदावर यायचे म्हणजे पुन्हा त्याच कच्च्या घरात, त्याच टोकाच्या वाडीत, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या त्याच मजुरीवर यायचे असेल, तर त्या पूर्वपदाबद्दल आनंद मानण्याचे कारण नाही.

९. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

(अ) एक महिनाभर कोणतेही एक मराठी दैनिक घ्या. ‘सामान्य’, ‘सुरळीत’, ‘पूर्ववत’, ‘पूर्वपदावर’, ‘सरासरीइतका’, ‘शांतता’ हे शब्द जेथे येतील ती कात्रणे वहीत चिकटवा. प्रत्येकापुढे वरील पाच प्रश्नांची उत्तरे लिहा. उत्तर बातमीत नसेल तर ‘बातमीत नाही’ असे स्पष्ट लिहा.

(आ) आपल्या गावातील किमान पाच घरी जाऊन निसर्ग वादळानंतर रस्ता, वीज, छप्पर, रोजगार व बाग या पाच गोष्टी केव्हा पूर्ववत झाल्या याची नोंद करा. बागमालक, मच्छीमार, खानावळ चालविणारे, मजूर व विद्यार्थी असलेले घर, अशी निरनिराळी घरे निवडा. तारखांचा तक्ता तयार करा. तो तक्ता हीच आपल्या गावची खरी बातमी आहे.

(इ) चोरी किंवा अपघाताच्या वीस बातम्या तपासा. व्यक्तीच्या नावामागे जात, जमात, धर्म, लिंग किंवा अपंगत्व दर्शविणारे विशेषण कोठे लावले आहे आणि कोठे लावलेले नाही, ते पाहा. ते काढून टाकले तर बातमीचे काय बिघडते?

(ई) आपल्या वाडीतील जी अडचण ‘नेहमीचीच’ म्हणून कोणी बोलत नाही, अशी एक अडचण निवडा. ती केव्हापासून आहे, किती घरांना आहे, कोणत्या कार्यालयाकडे अर्ज केला व त्याचे काय झाले, हे दोनशे शब्दांत लिहा आणि तालुक्याच्या वृत्तपत्राकडे पाठवा. छापून आले नाही तर पुन्हा पाठवा.

या चारही स्वाध्यायांत शेवटचा अवघड आहे, कारण आपलीच अडचण आपल्यालाही सामान्य वाटू लागलेली असते. पाणी दूरवरून आणावे लागते, दाखला मिळायला चार फेऱ्या घालाव्या लागतात, पावसाळ्यात वाडीचा रस्ता चिखलात जातो, आणि आपणच म्हणतो की हे असेच चालायचे. तीन वर्षे ठराव कागदावर पडून होता, तेव्हा महाडमध्येही पुष्कळजण असेच म्हणत असतील. ज्यांनी तसे म्हणण्याचे नाकारले, त्यांच्यामुळे आज ते तळे सर्वांचे आहे. आपल्या अभ्यासवर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने वही, पेन व वर्तमानपत्र घेऊन बसावे आणि येत्या महिन्यातच पहिल्या कात्रणापासून सुरुवात करावी.